सरांना येत नाही

माहं नाव कोकिळा. नावावर जाऊ नका, आवाज भसाडा हाये. मी स्वयंपाकघरातून हाक मारली का रस्त्यावरचं माणूस थांबते. आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी शिजवते, त्याले तेरा वर्सं झाली. सोनाळ्याहून वरवट बकालकडं जाताना एक फाटा लागते, तिथून आत आमचं गाव. सातवीपर्यंत शाळा, चार खोल्या आणि मागं पत्र्याचं माहं स्वयंपाकघर. मी स्वतः चौथी शिकली. वाचता येते, पण बोट ठेवून.

हे सांगून राह्यली ते देवानंद सरबद्दल. गावात सत्कार करायचा म्हटलं का लोकाइले पुढारी आठवते, नाहीतर कीर्तनकार. देवानंद सरले आजवर कोणी साधा नारळ दिला नाही. मंग मले राग येते, आणि राग आला का मी बोलते.

सर वरवट बकालचे, आडनाव तायडे. त्याइचे वडील सहदेवबाबा जन्मभर लोकाच्या वावरात राबले आणि पोराले मास्तर केलं. अंगानं काडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एक मोटारसायकल, जी ढकलल्याबिगर कधी सुरू झाली नाही. दोन हिवाळ्यांमागं ते आमच्या शाळेत आले. पहिल्याच आठवड्यात पुष्पांजली वर्गात उभी राह्यली. ही राजकुमारची पोरगी, तवा पाचवीत होती. तिनं विचारलं, सर, हुरड्याची ज्वारी एवढी गोड लागते, मंग वाळल्यावर तीच ज्वारी गोड काऊन नाही लागत.

सर खडू हातात धरून उभे राह्यले. मंग म्हणाले, "मले येत नाही."

मी खिडकीपाशी डाळ निवडत होती. माहा हात थांबला. इतक्या वर्सांत मास्तरच्या तोंडून हे तीन शब्द मी ऐकले नव्हते. आधीचे एक गुरुजी तं अशा प्रश्नाले कानच पिळत. सरनं मातर फळ्याचा डावा कोपरा पुसला, चौकट आखली आणि वर लिहिलं, ‘सरांना येत नाही’. खाली ज्वारीचा प्रश्न लिहिला. म्हणाले, आठवडाभरात जे मले येणार नाही ते इथं लिहायचं, शनिवारी सगळे मिळून शोधू.

मी मनात म्हटलं, झालं. आधीचे मारकुटे होते, आता हे न येणारं ध्यान आमच्या नशिबी आलं.

शनिवारी सकाळची शाळा असते. आता आमच्या शाळेत फोनची रेंज एकाच जागी येते, माह्या स्वयंपाकघराच्या दारात, चिंचेखाली. म्हून सर सगळा वर्ग उठवून माह्या दारात आणत. पोट्टे ताटपट्टीवर, आणि सरचा फोन माह्या खिचडीच्या पालथ्या गंजाले टेकवलेला. मी पहिल्या दिवशीच कटकट केली का माही भांडी खेळायले नाहीत. सर म्हणाले, बरोबर हाये तुमचं. दुसऱ्या शनिवारी ते घरून एक फुटका डबा घेऊन आले, फोन टेकवायले. मंग मलेच कसंतरी झालं. मी गंज पुसून आणून दिला.

त्याइची शोधायची रीत मी भाजी चिरता चिरता शिकली. फोनले हात लावायच्या आधी परत्येकानं वहीत लिहायचं, मले काय वाटते. चुकीचं निघालं तरी खोडायचं नाही. मंग एकानं फोनले विचारायचं, एकानं मोठ्यानं वाचायचं. आजकाल फोनवर सगळ्यात वर एक तयार उत्तर येते, गुळगुळीत. त्याले सर घाईचं उत्तर म्हणत. ते वाचायचं, पण तिथं थांबायचं नाही, खाली जायचं आणि हे कोण सांगून राह्यलं ते पाह्यचं. विद्यापीठ सांगते का बियाणं विकणारा सांगते. दोन-तीन ठिकाणी तेच निघालं का मंग गावात जायचं, ज्याले त्यातलं कळते त्याले विचारायचं. एवढं झाल्यावर उत्तर फळ्यावर, आणि खाली ज्यानं सांगितलं त्याचं नाव.

ज्वारीचं असं निघालं का कोवळ्या दाण्यात साखर असते, दाणा पिकता पिकता तिचं पिष्ट होते. पोट्टे माह्याकडं वळले, मावशी, पिष्ट म्हणजे काय. मी म्हटलं, भाकर. सर हसले आणि म्हणाले, लिहा.

पण मले सर खरे पटले ते डाळीच्या दिवशी. आमच्याकडं बोरचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ दोन तास ठेवली तरी खडे राहतात. म्हून मी गावच्या टाकीवरून गोडं पाणी डोक्यावर आणते. शाळेत बोर असताना मावशी लांबून पाणी काऊन आणते, हा प्रश्न कोपऱ्यात आला. पोट्ट्याइनं लय शोधलं. पाण्यातले क्षार डाळीले मऊ होऊ देत नाहीत असं निघालं. सरनं उत्तर लिहिलं आणि खाली दोन नावं लिहिली. एक कुठल्याशा कृषी विद्यापीठाचं. दुसरं, कोकिळाबाई, शाळेचं स्वयंपाकघर. म्हणाले, या बाई हे किती वर्सांपासून सांगून राह्यल्या, आपण विचारलंच नाही. मी आत जाऊन डोळे पुसले. धूर गेला म्हणायची बी सोय नव्हती, शाळेत गॅस हाये.

माहं नाव तोपर्यंत कोणी फळ्यावर लिहिलं नव्हतं. माह्या नावानं लोकाइनं जे केलं ते वेगळंच.

मी ग्रहणात जन्मली. माय सांगायची, भर दुपारी ऊन विझलं, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि तू झाली. एवढंच. साल नाही, महिना नाही. गावानं मले गरनातली म्हणायले सुरुवात केली. माहेर बी इथलंच, सासर बी इथलंच, दोन गल्ल्या सोडून, म्हून ते नाव माह्याआधी सासरी पोचलं. मालक गेले तवा सासूनं सगळ्या बायाइसमोर म्हटलं, गरनातलीनं खाल्लं. मी तवा बोलली नाही. तवा मले बोलता येत नव्हतं.

आता राजकुमारचं सांगते. कारभारीबाबाचा हा एकुलता एक पोरगा. संत्र्याची बाग, दोन विहिरी, आणि आमच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. माणूस तसा वाईट नाही, शाळेले पंखे त्यानंच दिले. पण पंधरा ऑगस्टले मी शिरा करते, अख्खं गाव खाते, राजकुमारनं कधी घासभर तोंडाले लावला नाही. त्याची माय आशाबाई, तिनं त्याले लहानपणापासून बजावलेलं, त्या बाईच्या हातचं खायचं नाही. मोठा झाला, अध्यक्ष झाला, तरी ते मनातून गेलं नाही.

यंदा सव्वीस जानेवारीले झेंडा झाल्यावर समितीची बैठक बसली. साठ झालेली बाई खिचडीले ठेवायची नाही, असा ठराव राजकुमारनं मागंच करून ठेवला होता. आता त्यानं माह्या आधार कार्डाची झेरॉक्स काढली. एक जानेवारी एकोणीसशे सहासष्ट. म्हणजे मले साठ पुरे झाले. पुढच्या महिन्यापासून त्याच्या सालदाराची बायको खिचडी करन.

ही तारीख कशी आली ते बी ऐका. आधारचा कॅम्प लागला होता, तवा टेबलावरच्या पोरानं वय विचारलं. मले कुठं माहीत. मी म्हटलं, लिही बाप्पा, तुले दिसते तेवढं. मी नुकतीच वावरात कपाशीची पऱ्हाटी निंदून आली होती, तोंड उन्हानं करपलेलं, केसात माती. त्याले जेवढं दिसलं तेवढं त्यानं लिहिलं. अर्ध्या गावाचा जन्म असा एक जानेवारीचा हाये.

बैठकीत मी दाराशी उभी होती. माही अश्विनी शेगावले नर्सिंग शिकून राह्यली, तिचं शिक्षण याच खिचडीवर चाललं होतं. आणि दुसरं बी खरं सांगते. सव्वाशे पोट्टे मावशी मावशी करत ताट पुढं करतात, तेवढा एक तास मी गरनातली नसते. तो तास गेला असता तं माह्याकडं राह्यलं काय.

हेडमास्तर खाली पाहत होते. देवानंद सर उभे राह्यले आणि म्हणाले, कागद चुकला असन. राजकुमार म्हणाला, मंग बरोबर कागद आणा, पंधरा दिवस देतो. आणि उठता उठता हसून म्हणाला, "गरनातल्या बाईचं वय गरनालेच विचारा."

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते चष्मा पुसत तसेच उभे राह्यले, आणि मले वाटलं यांना बी वाईट वाटून राह्यलं. पण ते विचार करून राह्यले होते, हे मले शनिवारी कळलं.

शनिवारी फळ्याच्या कोपऱ्यात पुष्पांजलीच्या अक्षरात प्रश्न होता, ‘कोकिळामावशीचा जन्म कधी झाला?’ घरी तिनं काय ऐकलं असन कोण जाणे. सरनं वर्ग बाहेर आणला नाही, आधी एकटे माह्याकडं आले. म्हणाले, कोकिळाबाई, प्रश्न तुमचा हाये. तुमचं नाव पोराइच्या तोंडी येईन, तो गरनातली शब्द बी येईन. तुम्ही नाही म्हटलं तं आत्ता पुसतो. इतक्या वर्सांत मले तो शब्द चिकटवताना कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचारा फोनले, पाहू काय म्हणते तो.

पोट्टे बसले. सरनं आधी ग्रहण म्हणजे काय ते माह्या पोळपाटावर समजावलं, लिंबू म्हणजे चंद्र आणि कांदा म्हणजे पृथ्वी. सावली पडते आणि निघून जाते, एवढंच. पोराइले ते कधीचंच माहीत होतं. ते माह्यासाठी होतं, हे मले कळत होतं.

परत्येकानं अंदाज लिहिला. मंग जुन्या सूर्यग्रहणांची यादी निघाली. एका पोट्ट्यानं पहिलंच जे बरं दिसलं ते उचललं, सव्वीस फेब्रुवारी एकोणऐंशी. सगळे ओरडले, मावशी, सव्वीस फेब्रुवारी. माहा जीव असा वर आला का हातातला झारा खाली पडला. सर म्हणाले, थांबा, कोणाले दिसलं ते? पुष्पांजलीनं खाली सरकवलं आणि तिचं तोंड उतरलं. ते ग्रहण अमेरिकेकडचं. आपल्याकडं तवा रात्र होती. मी चिडली. मी म्हटलं, माही माय काय अमेरिकेत बाळंत झाली होती का बे. पोट्टे हसले, पण मी आत जाऊन खिचडीत मीठ दोनदा टाकलं. त्या दिवशी सगळ्यांनी ती खारट खिचडी मुकाट्यानं खाल्ली.

सर म्हणाले, फोनले आपण अर्धाच प्रश्न विचारला. उरलेला अर्धा गावाजवळ हाये.

माहा भाऊ दयाराम शेगावले हारफुलाचं दुकान चालवते. त्याले फोन लावला, आवाज मोठा ठेवला, आणि पोट्ट्याइनं प्रश्न विचारले. दयारामले आठवत होतं. मी दुसरीत होतो, म्हणे. शनिवार होता. सकाळची शाळा करून आलो आणि मायनं घराबाहेर पाय टाकू दिला नाही. त्याच आठवड्यात शिवरातीचा उपास झाला होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर साल होतं, त्यावरून पोट्ट्याइनं हिशेब लावला का तो दुसरीत होता ते जून एकोणऐंशी ते एप्रिल ऐंशी. मंग पुन्हा यादी. त्या काळात आपल्याकडं दिसलेलं एकच ग्रहण, सोळा फेब्रुवारी एकोणीसशे ऐंशी. वेळ दुपारची. दक्षिणेकडं सूर्य पुरा झाकला, आपल्याकडं बराचसा. पुष्पांजलीनं जुनं कॅलेंडर शोधलं. वार शनिवार. शिवरात त्याच आठवड्यात.

या बारीले कोणी ओरडलं नाही. सगळे सरकडं पाहत होते. सर म्हणाले, अजून एक साक्ष राह्यली, अंबूबाई.

अंबूबाई आमच्या गावची सुईण, आता ऐंशीच्या पुढं गेली. पोट्टे तिच्या ओट्यावर जाऊन बसले, मी बी गेली. तिले सगळं आठवत होतं. म्हणाली, कोकिळा उशिरा झाली, कारण मी उशिरा गेली. गरन लागलं तवा मी दुसऱ्या एका घरी होती. तिथलं लेकरू झालं, नाळ कापली आणि तशीच गोविंदाच्या घरी धावली. गोविंदा म्हणजे माहा बाप. पुष्पांजलीनं विचारलं, दुसरं घर कोणाचं होतं आजी. अंबूबाईनं तिच्या तोंडाकडं पाह्यलं आणि पदर सारखा केला. म्हणाली, ते नाही सांगायचं माय. त्या घरचं लुगडं घेतलं हाये मी, तोंड बंद ठेवायचं म्हून. पोरीनं वहीत लिहिलं, दुसरं घर, माहिती मिळाली नाही.

सोमवारी सर आणि मी तालुक्याले गेलो. मी याच्याआधी एकदा गेली होती तिथं, जन्माचा कागद मागायले. तिथले साहेब बोलायले नीट होते, पण म्हणाले, बाई, साल सांगा, महिना सांगा, काढून देतो. चाळीस वर्सांची रजिस्टरं कशी चाळू. बरोबर होतं त्याइचं. आता मी टेबलापाशी उभी राह्यली आणि जन्मात पहिल्यांदा ताठ मानेनं म्हटलं, सोळा फेब्रुवारी एकोणीसशे ऐंशी. साहेबानं फडक्यात बांधलेलं रजिस्टर आणलं, धूळ झटकली आणि पान उलटलं. दोन मिनिटं लागली नाहीत.

सरनं वाचलं, मुलगी, बापाचं नाव गोविंदा, गाव आमचं. माहं बोट त्या ओळीवर ठेवलं. नाव नव्हतं, तवा ठेवलेलं नसन. पण मी होती तिथं. शाईनं लिहिलेली. माह्या डोळ्यातून पाणी कधी आलं मले कळलं नाही.

मंग मी बोट वर सरकवलं. वाचायची सवय म्हून, दुसरं काही नाही. वरच्या ओळीत तारीख तीच. मुलगा. बापाचं नाव कारभारी, पुढं आडनाव. कारभारीबाबाले पोरगा एकच.

मी दोनदा वाचलं. मंग सरकडं पाह्यलं. त्याइनं ते माह्याआधीच वाचलं होतं, चष्मा काढून हातात धरला होता.

तिथून निघाल्यावर मी रस्त्यात उभी राहून जे बोलली ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. त्याच्या मायनं, आशाबाईनं, सुईणीचं तोंड लुगड्यानं बांधलं, शाळेत त्याचा जन्म एक जूनचा लिहिला, आणि आपलं लेकरू धुऊन घेतलं. आणि त्याच लेकराले शिकवलं का कोकिळाच्या हातचं खाऊ नको. मी म्हटलं, आज पारावर जाते आणि सगळ्या गावाले ओरडून सांगते. माहा आवाज ऐकू येईन वरवट बकालपर्यंत. सर ऐकत राह्यले. मंग मी विचारलं, तुम्हीच सांगा, सांगू का नको.

सर म्हणाले, "मले येत नाही, कोकिळाबाई. हे फोनात बी नाही. तुमची ओळ तुमची हाये. वरची ओळ ज्याची त्याची. तुम्ही सांगितलं तं मी अडवणार नाही. फक्त पुष्पांजली वर्गात पहिल्या बाकावर बसते, एवढं मले दिसून राह्यलं."

एवढं बोलून ते मोटारसायकल ढकलायले लागले. मी बी मागून ढकलली. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलली नाही, आणि माह्या बाबतीत हे किती मोठं हाये ते गावातल्या कोणाले बी विचारा.

त्या पानाची शिक्क्याची झेरॉक्स सरजवळ होती. वर्गात त्याइनं ती दाखवली, पण वरचा भाग मागं दुमडून. पोट्ट्याइनं फक्त माही ओळ वाचली आणि टाळ्या वाजवल्या. फळ्यावर उत्तर लिहिलं. खाली नावं लिहिली, ग्रहणांची यादी, दयारामकाका, अंबूबाई, जन्माचं रजिस्टर. पुष्पांजलीनं विचारलं, सर, घडी काऊन घातली. सर म्हणाले, आपला प्रश्न जेवढा होता तेवढंच आपण वाचलं.

बैठकीच्या दिवशी मी पुन्हा दाराशी उभी होती. खिडकीले पोट्टे चिकटले होते, पुष्पांजली सगळ्यात पुढं. सरनं घडी घातलेला कागद राजकुमारच्या हाती दिला. त्यानं माही ओळ वाचली आणि कपाळाले आठी घातली. म्हणाला, घडी कायची हे, अर्धा कागद चालत नाही, पूर्ण दाखवा. काहीतरी लपवून राह्यले तुम्ही.

माह्या जिभेवर आलं होतं. हो, लपवून राह्यले, तुलेच. एवढं म्हणायचं बाकी होतं. मी खिडकीकडं पाह्यलं. त्या पोरीच्या हातात वही होती, माह्या जन्माची सगळी गणितं तिच्या अक्षरात. मी ओठ दाताखाली धरला.

सर खालच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, तुम्हीच उघडा. मोठ्यानं वाचायचं का मनात, ते तुम्ही ठरवा."

राजकुमारनं घडी उघडली. आधी रागानंच पाह्यलं. मंग त्याचे डोळे एका जागी थांबले. बापाचं नाव त्यानं किती बारी वाचलं असन देव जाणे. त्याले काही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून मले तवा कळलं, आणि माहा अर्धा राग तिथंच बसला. तो मोठा माणूस, टेबलामागं बसलेला, एकदम लहान पोट्ट्यासारखा दिसायले लागला. मंग त्यानं कागद पुन्हा त्याच घडीवर दुमडला, नीट, बोटानं दाबून, आणि सरले परत दिला.

म्हणाला, "तारीख बरोबर हाये. बाई राहू द्या."

ठराव लिहून झाला. राजकुमार माह्याजवळून गेला तवा घडीभर थांबला, मंग चपला घालून निघाला. सर तं असे वर्गात निघून गेले जसं काही झालंच नाही. मी असं माणूस पाह्यलं नाही. हाती हुकमाचं पान असताना ते पालथं ठेवणारा.

सहा दिवसांनी सोळा फेब्रुवारी आली. आदल्या दिवशी शिवरात होऊन गेली होती. मी शाळेत गेली तं फळ्यावर मोठ्या अक्षरात, आज कोकिळामावशीचा वाढदिवस, सेहेचाळीस वर्सं पूर्ण. साठवरून सेहेचाळीसवर आली मी, एका आठवड्यात. मी शिरा केला, तूप हात सैल सोडून घातलं. सव्वाशे ताटं वाढली. मंग एका वाटीत शिरा काढला, वर झाकण ठेवलं आणि पुष्पांजलीच्या हाती दिला. म्हटलं, तुह्या बाबाले दे. म्हणा, आजच खा. बाकी निरोप नाही.

दुसऱ्या दिवशी पोरगी वाटी घेऊन आली. आत दोन पेढे होते. ते माह्या हाती देऊन ती तशीच उभी राह्यली. म्हणाली, मावशी, बाबानं शिरा एकट्यानं खाल्ला, कोणाले दिला नाही. आजी लय बोलली, तरी खाल्ला. आणि मंग वाटी स्वतः घासली. बाबा कधी पाण्याचा पेला बी उचलत नाहीत. त्याइनं वाटी काऊन घासली?

मी म्हटलं, मले काय माहीत, सरले विचार.

तिनं विचारलं. सरनं खिडकीतून माह्याकडं पाह्यलं, मी सरकडं पाह्यलं. मंग सरनं खडू उचलला आणि डाव्या कोपऱ्यात तिचा प्रश्न लिहिला, ‘बाबांनी वाटी का घासली?’

पुढच्या शनिवारी सगळे प्रश्न सुटले, तो सोडून. अजून तिथंच हाये. फळा रोज पुसला जाते, पण त्या ओळीवरून सर डस्टर फिरवत नाहीत. मी खिचडी वाढायले आत गेली का ती बोट ठेवून वाचते.